डबे पस्तीस टक्के घटले, मग हातचे पैसे सत्तर टक्के का घटले?

ताई, आपला प्रश्न मी दोनदा वाचला. त्यात एक नव्हे तर तीन प्रश्न आहेत, आणि पहिल्याचा उलगडा झाल्याशिवाय पुढच्या दोघांना हात घालण्यात अर्थ नाही. म्हणून आधी आपले म्हणणे मी माझ्या शब्दांत मांडतो. कुठे चुकत असेल तर तिथेच दुरुस्त करावे.

आपण लातूरच्या ट्यूशन एरियात भाड्याच्या खोलीत स्वयंपाक करून विद्यार्थ्यांना दोन वेळचे डबे पुरवता. दर महिना ३,००० रुपये आहे. मार्चमध्ये ४० डबे होते, १,२०,००० रुपये जमा झाले, ९८,००० खर्च झाले आणि २२,००० उरले. एप्रिलमध्ये ३५ डबे होते आणि खर्च ८९,३०० झाला. मे महिन्यात नीटची परीक्षा आटोपून मुले गावी गेली, डबे २६ वर आले, ७८,००० जमा झाले, ७१,४०० खर्च झाले आणि हातात केवळ ६,६०० राहिले. ४० डब्यांना २२,००० उरतात तर २६ डब्यांना १४,३०० उरायला हवेत, असा हिशेब आपण मनाशी केला होता. मधले ७,७०० रुपये गेले कुठे, हे कळेना, आणि दोघी मदतनीसांपैकी कोणी किराणा सामान घरी नेते की काय, अशी शंका आपल्या मनात आली. पुढचे दोन प्रश्न असे की, महिन्याला किमान १५,००० रुपये हातात पडायचे तर किती डबे हवेत, आणि दर २०० रुपयांनी उतरवून मेंबर वाढवावेत का.

पहिल्याचे उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण त्यात कोणाच्या तरी प्रामाणिकपणाचा प्रश्न गुंतला आहे. आपल्या आकड्यांत सामान जात असल्याची कोणतीही खूण मला दिसत नाही. ते ७,७०० रुपये कुठेही गेलेले नाहीत. ते मुळात येणारच नव्हते. आपण जे गणित केले ते त्रैराशिक होते, आणि हे काम त्रैराशिकाचे नाही.

त्रैराशिक ही काही कमी योग्यतेची रीत नव्हे. ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत भास्कराचार्यांनी प्रमाण, फल आणि इच्छा अशा तीन राशींवरून चौथी काढण्याची जी रीत दिली आहे, तिच्यावर आपला बाजार आजही चालतो. मात्र ती लागू पडण्यासाठी दोन्ही गोष्टी एकाच पटीत वाढायला आणि घटायला हव्यात. हे तपासण्याची सोपी कसोटी मी वर्गात सांगत असे: पहिली राशी शून्य करून पाहावी आणि दुसरी आपोआप शून्य होते का ते बघावे. शून्य किलो साखरेला शून्य रुपये पडतात, म्हणून साखरेला त्रैराशिक चालते. आता समजा एखाद्या महिन्यात आपल्याकडे एकही डबा नाही. त्या महिन्यात आपल्याला शून्य रुपये उरतील का? खोलीचे भाडे तर द्यावेच लागेल, दोघी मदतनीसांना घरी बसवून पगारही द्यावा लागेल. म्हणजे शून्य डब्यांना शून्य नव्हे, तर मोठा खड्डा आहे.

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि तीही बीजगणित शिकवत असताना. शाळेच्या सहलीसाठी ठरवलेल्या गाडीचे भाडे १८,००० रुपये होते आणि जेवणखाण मुलामागे १२० रुपये. पन्नास नावे आली, म्हणून मी ३६० अधिक १२० असे ४८० रुपये प्रत्येकी घेतले. निघायच्या दिवशी ४१ मुले आली आणि नऊ जणांचे पैसे परत केले. पैसे परत केले तेव्हा मला वाटले, मुले कमी तसा खर्चही कमी. गाडीवाल्याने अर्थातच १८,००० घेतले, आणि नऊ गुणिले ३६० म्हणजे ३,२४० रुपये मी खिशातून भरले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ असे शीर्षक लिहिताना मला थोडे हसू आले होते.

आता आपल्या खर्चाकडे येऊ. त्याचे दोन तुकडे आहेत. एक तुकडा डबे कितीही असले तरी बदलत नाही. त्याला स्थिर खर्च म्हणू. दुसरा प्रत्येक डब्यामागे वाढतो: पीठ, तांदूळ, डाळ, तेल, भाजी, गॅसचा बराचसा भाग. डब्यामागचा महिन्याचा खर्च क्ष रुपये आणि स्थिर खर्च य रुपये मानला, तर आपल्या वहीतल्या दोन ओळी अशा लिहिता येतात:

४० क्ष + य = ९८,०००
२६ क्ष + य = ७१,४००

वरच्यातून खालचे वजा केले की य निघून जातो आणि १४ क्ष = २६,६०० उरते. म्हणून क्ष = १,९००. तो पहिल्या ओळीत घातला की ७६,००० + य = ९८,०००, म्हणजे य = २२,०००. दहावीला याला आपण एकसामयिक समीकरणे म्हणतो आणि चार गुणांसाठी सोडवतो. इथे तीच वजाबाकी सांगते की चौदा डबे कमी झाल्याने नेमका चौदा डब्यांचाच खर्च वाचला, भाडे आणि पगार वाचले नाहीत.

दोन आकड्यांवरून काढलेली रेषा त्या दोन आकड्यांना तर जुळणारच, त्यात तिची परीक्षा होत नाही. परीक्षेसाठी तिसरा महिना लागतो, आणि आपण एप्रिलचा आकडा दिला हे फार बरे केले. ३५ डब्यांना आपल्या समीकरणानुसार २२,००० + ६६,५०० म्हणजे ८८,५०० खर्च यायला हवा. प्रत्यक्षात ८९,३०० आला. फरक ८०० रुपये, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. स्वयंपाकघराच्या हिशेबात एवढा फरक एखाद्या आठवड्यातल्या महाग भाजीनेही पडतो. सामान बाहेर जात असते तर हा ताळा इतका जवळ बसणे अवघड होते. अर्थात दर महिन्याला अगदी सारखेच सामान कोणी नेत असेल, तर ते समीकरणाला कळणार नाही. पण आपली शंका मेच्या तुटीवरून उद्भवली होती आणि त्या तुटीचे कारण आता मिळाले आहे.

दुसरा ताळा यादीचा. आपण लिहिलेले न बदलणारे खर्च असे: खोलीचे भाडे ६,००० आणि दोघींचा पगार प्रत्येकी ५,५००. बेरीज १७,००० होते, आणि समीकरण मात्र २२,००० म्हणते. मधले ५,००० कोणते? याचे उत्तर आपल्याच एका वाक्यात आहे, जे आपण सहज लिहून गेलात: आपण आणि त्या दोघी दुपारी तिथेच जेवता. तीन माणसांचे एक वेळचे जेवण, डब्यामागच्या १,९०० च्या निम्म्याने ९५० प्रमाणे, २,८५० रुपये होते. डबे २६ असोत की ४०, ही तीन ताटे आहेतच, म्हणून ती स्थिर खर्चात जातात. उरलेले दोन हजारांच्या आसपासचे पैसे डबे पोहोचवणाऱ्या स्कूटरच्या पेट्रोलचे आणि विजेच्या बिलाचे असावेत. पेट्रोल डब्यांवर फारसे अवलंबून नसते. वसतिगृहांच्या चार इमारती तर चारही इमारतींची फेरी होते, मग प्रत्येकीत दहा डबे द्यायचे असोत की सहा.

हा यादीचा ताळा मी आग्रहाने का घेतो, तेही सांगतो. वरची वजाबाकी असे गृहीत धरते की डब्यामागचा खर्च मार्चमध्ये आणि मेमध्ये सारखाच होता. उन्हाळ्यात भाजी कडाडते. समजा मेमध्ये डब्यामागे ५० रुपये जास्त गेले, तर तीच समीकरणे सोडवून मार्चचा डब्यामागचा खर्च सुमारे १,९९३ आणि स्थिर खर्च सुमारे १८,३०० येतो. पन्नास रुपयांच्या फरकाने स्थिर खर्च पावणेचार हजारांनी हलतो, इतके हे गणित नाजूक आहे. पण भाडे, पगार आणि तीन ताटे मिळून १९,८५० होतातच, त्यात पेट्रोलही आलेले नाही. म्हणून १८,३०० ही शक्यता बाद ठरते. नुसत्या आकड्यांनी जे ठरत नव्हते ते घरच्या माहितीने ठरले. पुढचे सगळे मी १,९०० आणि २२,००० धरून लिहितो. आपण स्वयंपाकाला घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर वापरत असाल, तर मात्र हा १,९०० चा आकडा खरा नाही. व्यवसायाला १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडरच वापरावे लागते, आणि त्याच्या दराने क्ष पुन्हा काढावा लागेल.

आता डबा ३,००० ला जातो आणि त्याच्यासाठी १,९०० लागतात, म्हणजे प्रत्येक डबा १,१०० रुपये घेऊन येतो. हे १,१०० आधी स्थिर खर्चाच्या खड्ड्यात जातात. २२,००० भागिले १,१०० म्हणजे २०. पहिले वीस डबे केवळ खड्डा भरतात, आपली कमाई एकविसाव्या डब्यापासून सुरू होते. मार्चमध्ये खड्ड्यावर वीस डबे होते, मेमध्ये सहा. वीसचे सहा झाले म्हणजे सत्तर टक्के घट झाली. शीर्षकातला प्रश्न इथे सुटतो.

इथून पुढे समीकरण पुरत नाही, असमानता लागते. मी शेवटच्या काही वर्षांत नववीला शिकवलेल्या गणिताच्या पहिल्या भागात रेषीय समीकरणांचे प्रकरण आणि अर्थनियोजनाचे प्रकरण एकामागोमाग येत असे, तरी मुले त्या दोहोंचा संबंध जोडत नसत. याचे एक कारण मला असे वाटते की पुस्तकातली उदाहरणे ‘बरोबर’ या चिन्हावर संपतात आणि घरखर्च क्वचितच त्या चिन्हावर थांबतो. आपल्याला नेमके १५,००० नको आहेत. किमान १५,००० हवे आहेत. म्हणून, डब्यांची संख्या न मानून:

१,१०० न − २२,००० ≥ १५,०००

दोन्ही बाजूंत २२,००० मिळवून १,१०० न ≥ ३७,०००, म्हणून न ≥ ३३.६३. डबा तुकड्यात विकता येत नाही, तेव्हा उत्तर ३४. अपूर्णांक आला की शाळेत आपण जवळच्या पूर्णांकाकडे जातो, तसे इथे करू नये. ‘किमान इतके हवे’ असेल तर नेहमी वर जावे, उत्तर ३३.१ आले असते तरी ३४ च म्हणावे. आणि ‘यापेक्षा जास्त खर्च नको’ असेल तर नेहमी खाली यावे. हे १५,००० म्हणजे आपल्या पहाटे साडेचारपासूनच्या श्रमांची मजुरी आहे, नफा नव्हे, हेही घरी सांगून ठेवावे; कारण वरच्या खर्चात आपला स्वतःचा पगार कुठेच धरलेला नाही.

दर उतरवण्याचा प्रश्न. दर २,८०० केला तर डब्यामागे ९०० उरतात. दरात घट ३,००० वर २०० ची, जेमतेम सात टक्के दिसते. पण आपल्या हाती येणाऱ्या १,१०० मधून २०० जातात, म्हणजे अठरा टक्के. असमानता ९०० न ≥ ३७,००० अशी होते, न ≥ ४१.१, म्हणजे ४२ डबे. चौतीस डब्यांत जे भागत होते त्याला आता बेचाळीस लागतील. मार्चइतके २२,००० मिळवायचे तर ९०० न ≥ ४४,०००, म्हणजे ४९ डबे. आणि आपण लिहिले आहे की शेगड्या आणि हात पाहता ४५ च्या वर डबे होत नाहीत. तेव्हा २,८०० दराने मार्चची कमाई आपल्या आजच्या स्वयंपाकघरात शक्यच नाही. ४५ डबे पूर्ण भरले तरी १८,५०० उरतील. उलट दर ३,२०० केला तर १,३०० न ≥ ३७,०००, म्हणजे २९ डब्यांत काम होते. दरवाढीने किती मेंबर तुटतील हे गणित सांगू शकत नाही. ते शेजारच्या खानावळीचा दर, आपल्या पोळीचा मऊपणा आणि मुलांच्या पालकांचा हात किती सैल आहे यावर ठरते, आणि ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. गणित फक्त सांगते की २०० रुपये वाढवून चौतीसपैकी पाच मेंबर गेले तरी आपले १५,००० हातचे जात नाहीत, आणि २०० उतरवून आठ नवे मेंबर आले नाहीत तर ते हातचे जातात. माझा कल दर न उतरवण्याकडे आहे.

मग मेसारख्या महिन्यात काय करावे? आपण एका ओळीत लिहिले आहे की काही मुले फक्त रात्रीचा डबा मागतात आणि आपण त्यांना नाही म्हणता, कारण ‘अर्ध्या मेंबरमध्ये परवडत नाही’. हे मला पुन्हा तपासून पाहण्यासारखे वाटते. एक वेळच्या डब्याला १,७०० घेतले आणि त्याचा खर्च निम्मा म्हणजे ९५० धरला, तर तो ७५० आणतो. भाडे आणि पगार आधीच दिलेले असल्यामुळे हे ७५० सरळ हातात येतात. दोन वेळचे डबे क आणि फक्त रात्रीचे डबे ख मानू. आता दोन अटी एकत्र पाळायच्या आहेत:

१,१०० क + ७५० ख ≥ ३७,०००
क + ख ≤ ४५

पहिली पैशाची अट, दुसरी रात्रीच्या शेगडीची. मेमध्ये क = २६ होता. पहिल्या अटीत तो घातला की २८,६०० + ७५० ख ≥ ३७,०००, म्हणजे ख ≥ ११.२, म्हणून १२ डबे. दुसऱ्या अटीत २६ + १२ = ३८, जे ४५ च्या आत आहे. म्हणजे रात्रीची बारा मुले घेतली असती तर मे महिन्यातही १५,००० निघाले असते. अकरा घेतली असती तर १४,८५० निघाले असते, दीडशे कमी. वर जाण्याचा नियम इथे उपयोगी पडतो.

पण हे मेपुरते. जुलै-ऑगस्टमध्ये नव्या तुकड्या येऊन रात्रीच्या ४५ जागा भरू लागल्या, की प्रत्येक रात्रीचा डबा एका पूर्ण मेंबरची जागा अडवतो आणि १,१०० च्या जागी ७५० देतो. जागा रिकामी असेल तर ७५० हे शून्यापेक्षा जास्त आहेत, आणि जागेसाठी रांग असेल तर ते १,१०० पेक्षा कमी आहेत. त्यामुळे रात्रीच्या मेंबरना सुरुवातीलाच सांगावे की ही सोय जूनअखेरपर्यंत आहे. दोन अटी एकत्र मांडण्याचा फायदा हाच असतो. एका अटीने ‘परवडत नाही’ म्हटलेले दुसऱ्या अटीच्या उजेडात काही महिने परवडते आणि काही महिने परवडत नाही.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: खर्च = २२,००० + १,९०० न; वीस डब्यांवर खड्डा भरतो; १५,००० साठी ३४ डबे, किंवा २६ पूर्ण आणि १२ रात्रीचे; दर उतरवला तर ४२.

डबे वाढण्याच्या बाजूला एक जागा आहे जिथे मी बचत गटांच्या खानावळींचे हिशेब पाहताना लोकांना हमखास अडखळताना पाहिले आहे. आपण लिहिता की या वर्षी प्रवेश चांगले झाले तर तिसरी बाई ठेवून ५० डब्यांपर्यंत जाण्याचा विचार आहे. स्थिर खर्च कायमचा स्थिर नसतो. तो जिन्यासारखा असतो, काही पायऱ्या सपाट आणि मग एकदम वर. ४५ डब्यांना आपल्याला ४९,५०० − २२,००० = २७,५०० उरतात. शेहेचाळीसाव्या डब्याला तिसरी बाई लागते: पगार ५,५०० आणि तिचे दुपारचे ताट ९५०, मिळून ६,४५०. नवा स्थिर खर्च २८,४५०. त्या ४६ डब्यांना उरतात ५०,६०० − २८,४५० = २२,१५०. एक मेंबर वाढला आणि हातचे ५,३५० कमी झाले! ४५ ची कमाई पुन्हा गाठायला किती डबे लागतील ते पाहा:

१,१०० न − २८,४५० > २७,५००

म्हणजे न > ५०.८६, म्हणून ५१. आपण ठरवलेले ५० डबे नेमके या खड्ड्यात पडतात; त्यांना २६,५५० उरतील, पंचेचाळीसपेक्षा कमी आणि कष्ट मात्र जास्त. तेव्हा एक तर ४५ वर थांबून पुढच्या मुलांची नावे वहीत लिहून ठेवावीत, किंवा पंचावन्न-साठ मेंबरची खात्री असेल तेव्हाच तिसरी बाई ठेवावी, अर्थात त्या खोलीत तितक्या शेगड्या मावत असतील तर. तिसरी बाई अर्ध्या दिवसासाठी मिळत असेल तर आकडे बदलतील. ६,४५० च्या जागी तिचा पगार आणि ताट घालून तीच असमानता पुन्हा सोडवावी.

खाड्यांबद्दल आपण ओझरते लिहिले आहे की मुले घरी गेली की खाडे कापून मागतात, आणि आपल्या जमेच्या आकड्यांवरून दिसते की आजवर आपण कापले नाहीत. पुढे कापायचे ठरवले तर किती कापावेत, यालाही मर्यादा आहे. मुले ३,००० भागिले ३० करून दिवसाला १०० मागतील. आपला मात्र एका दिवसाच्या खाड्याने जास्तीत जास्त १,९०० भागिले ३०, म्हणजे ६३ रुपयांचा खर्च वाचतो, तोही आदल्या रात्री कळवले तर. भाजी चिरून झाल्यावर कळवले तर काहीच वाचत नाही. म्हणून वजावट ६३ पेक्षा जास्त नसावी. सलग तीन दिवसांहून जास्त खाडा आणि आदल्या दिवशी निरोप, अशी अट घालून ६० रुपये कापले तर आपल्या हातचे काही जात नाही आणि मुलांनाही काहीतरी मिळते. १०० कापले तर महिन्यात ४० खाडे पडले की १,४८० रुपये जातील.

राहिला मे महिन्याचा धसका. तो कमी करायचा असेल तर महिन्याची असमानता वर्षाची करून पाहावी. धरून चालू की दहा महिने ४० डबे आणि दोन महिने २६. दहा महिन्यांचे २,२०,००० आणि दोन महिन्यांचे १३,२००, मिळून २,३३,२००. बारांनी भागून महिन्याला सुमारे १९,४३३. हे १५,००० पेक्षा बरेच जास्त आहे. म्हणजे आपला धंदा तोट्यात नाही, पैसे वेगवेगळ्या वेळी येतात एवढेच. दोन पडत्या महिन्यांत प्रत्येकी ८,४०० कमी पडतात, एकूण १६,८००. दहा चांगल्या महिन्यांत दरमहा १,६८० बाजूला काढले की ती भरून निघतात. मार्चच्या २२,००० मधून एवढी रक्कम निघू शकते, मेच्या ६,६०० मधून नाही, म्हणून ती टपाल खात्याच्या किंवा बँकेच्या बचत खात्यात चांगल्या महिन्यांतच जावी. आपले दहा महिने खरोखर ४० चे असतात का, हे मागच्या वर्षाच्या वहीवरून पाहावे. आठच महिने तसे असतील तर चार पडत्या महिन्यांसाठी ३३,६०० लागतील आणि आठ महिन्यांत दरमहा ४,२०० काढावे लागतील.

जूनपासून महिनाअखेरीस वहीत तीनच आकडे लिहावेत: डबे किती, जमा किती, खर्च किती. खर्च २२,००० + १,९०० न यापेक्षा हजार-बाराशेने इकडेतिकडे असेल तर सोडून द्यावा. दोन हजारांहून जास्त फरक सलग दोन महिने आला, तर आधी तेल-डाळीचे भाव पाहून १,९०० नव्याने काढावेत, मग वीज आणि पेट्रोलची बिले पाहावीत. त्यातूनही फरक सुटला नाही तरच कोठीतल्या सामानाची मोजदाद करावी, आणि तीही त्या दोघींना सोबत घेऊनच.